अक्काच्या वहीतला एक

माझ्या थोरल्या बहिणीने एकोणतीस वर्षं नाटक कंपनीत काढली, आणि एकाही प्रेक्षकाने तिचं तोंड पाहिलं नाही. ती प्रॉम्प्टर होती. डाव्या विंगेत एक बुटकं स्टूल, मांडीवर वही, वहीवर निळा कागद गुंडाळलेला एवढासा दिवा. आम्ही झगमगाटात राजे आणि राक्षस व्हायचो आणि अडखळलो की त्या निळ्या अंधारातून एक शब्द यायचा. एकच. कच्चे प्रॉम्प्टर अख्खं वाक्य फुसफुसतात आणि ते तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातं. अक्का नेमका तो शब्द द्यायची, ज्याला धरून बाकीचं वाक्य आपसूक वर येतं.

मी तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा आणि कंपनीतला सर्वांत अडणारा नट. तिच्या वह्यांत माझ्या संवादांशेजारी पेन्सिलीने "इथे अडतो" असं लिहिलेलं असायचं. एका नाटकात तर चौदा ठिकाणी. पण तिची खरी करामत शब्द देण्यात नव्हती. नट विसरला म्हणून थांबलाय की परिणामासाठी थांबलाय, हे तिला त्याच्या पाठीवरून कळायचं. मुद्दाम घेतलेल्या थांब्यावर तिने कधी कुणाला शब्द दिला नाही. ओठांवर तयार असायचा, द्यायची नाही.

हे एवढं पुराण सांगायचं कारण असं, की गेल्या वर्षी याच बाईवर विसराळूपणाचा आरोप आला. आणि मुख्य साक्षीदार कोण, तर तिच्याच स्वयंपाकघरातली कुकिंग रेंज.

मेहुणे गेले तेव्हा भाचीने, म्हणजे अक्काच्या एकुलत्या लेकीने, ती रेंज आईला घेऊन दिली होती. वर चार शेगड्या, खाली ओव्हन आणि मागे उभं काळ्या काचेचं पॅनल. त्या पॅनलवर बटणं नव्हतीच, नुसती बटणांची चित्रं. बोट टेकवलं की टुक वाजायचं. अक्काचं घर दोन खोल्यांचं, तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या गॅरेजची भिंत दिसते, दुसरं काही नाही. पण त्या रेंजवर ती आठवड्यातून तीनदा पाव भाजायची आणि मी दोन गल्ल्या ओलांडून ऊन ऊन पाव खायला हजर व्हायचो. "नटवर्य आले," ती म्हणायची, "भुकेच्या वेळा बऱ्या पाठ असतात तुझ्या."

मग एके दिवशी पॅनल किंचाळायला लागलं. टीं, टीं, टीं. काचेवर लाल अक्षर, त्याच्यापुढे आकडा. अक्काने रद्द करण्याचं चित्र दाबलं, आवाज बंद, अक्षरही गायब. दोन दिवसांनी पुन्हा तेच. ती एकटी राहणार, आवाज झाला की दाबून बंद करणार, त्यामुळे तो कोड दुसऱ्या कुणी पाहिलाच नाही. मी एकदा तिथे होतो, पण चष्मा घरी राहिला होता आणि मी उठून पॅनलजवळ जाईपर्यंत तिने ते गप्प केलं होतं.

इथवर ठीक होतं. पण एका दुपारी भाची अचानक आली, तर ओव्हन चालू. दोनशे अंशांवर, आत पाव नाही, काही नाही. काही नाही म्हणजे, अक्का रिकाम्या ओव्हनमध्ये भांड्यांची झाकणं ठेवते, ती होती. दोन झाकणांच्या मुठी वितळून जाळीवर ओघळल्या होत्या आणि घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास.

"आई, ओव्हन चालू आहे!"

"मी लावलेला नाही."

"मग कुणी लावला?"

"ते त्यालाच विचार."

"आई, हसण्यावारी नको नेऊस. तू विसरलीस."

विसरलीस. आमच्या धंद्यात प्रॉम्प्टरला हा शब्द म्हणजे शिवी. मी तिथेच होतो. अक्का चाकूने जाळीवरचं प्लॅस्टिक खरवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने शंभर पानी वही आणली आणि नाटकाची लिहायची तशी लिहायला घेतली. वार, वेळ, काय केलं, काय झालं, काचेवर काय दिसलं. आठ-दहा नोंदी झाल्यावर भाचीने त्यातल्या एका पानाचा फोटो काढला, रेंजचं माहितीपुस्तक "हरवायला नको" म्हणून स्वतःकडे नेलं, कोड शोधला आणि मला मेसेज पाठवला: मामा, F9 आहे, दाराच्या लॉकचा दोष, कंपनीला फोन कर, मला ऑफिसात वेळ नाही.

मी माझ्या घरून फोन केला. तक्रारीसाठी एक दाबा, दोन दाबा, तीन दाबा. मी दाबत गेलो. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई दर मिनिटाला सांगत होती. महत्त्व इतकं, की पस्तीस मिनिटं पेटी ऐकवली, तीही बेसूर. शेवटी एक मुलगी बोलली.

"सर, एरर कोड सांगा."

"एफ नाइन!"

"सर, ओरडू नका."

"बाळ, मी ओरडत नाहीये. मी बोलतोय."

"सर, तुम्ही असंच ओरडलात तर मला कॉल बंद करावा लागेल."

शेवटच्या रांगेसाठी कमावलेला आवाज फोनवर असा अंगाशी येतो. मी कुजबुजत तक्रार नोंदवली; पानाचा फोटो भाचीने परस्पर कंपनीला पाठवून दिला.

सहा दिवसांनी मेकॅनिक आला. तिशीतला, घामाघूम, कपाळावर आठ्या, खांद्याला अवजारांची पिशवी. त्याच्या मोबाइलवर काम नोंदवलेलं होतं. त्याने ओव्हनचं दार उघडलं, लॉक काढलं, नवं बसवलं.

"दाराला काय झालंय?" अक्का म्हणाली. "दार तेवढं धड आहे."

"आजी, कोडच तसा आहे."

"पण आवाज येतो तेव्हा मी दाराला हातसुद्धा लावलेला नसतो."

"आजी, यंत्राला कळतं." आणि तो गेला.

चौथ्या दिवशी टीं, टीं, टीं.

पुन्हा फोन, पुन्हा बेसूर पेटी, पुन्हा तोच मेकॅनिक. आणि रेंज? पाहुण्यांपुढे कविता म्हण म्हटल्यावर पोरं करतात तशी मिठाची गुळणी धरून उभी. त्याने ओव्हन तापवला, निववला, दार वीस वेळा उघडलं, लावलं. काही नाही. "आजी दार जोरात लावत असतील," असं म्हणून तो गेला. अक्काने त्याच्या बोटांचे डाग पुसले, आणि बाहेर फोनवर बोलत थांबलेला तो रस्त्याच्या वळणावर पोचला नसेल, तोच आतून टीं, टीं, टीं. मी लेंग्यावरच पळालो. सत्तरी ओलांडलेला माणूस "अहो मेकॅनिक" ओरडत पळतोय, लोक खिडक्यांतून बघतायत, आणि तो हेल्मेट घालून फटफटीवरून दिसेनासा.

आम्ही घरचे इलाजही केले. मेन स्विच दहा मिनिटं बंद ठेवा, झालं. तासभर ठेवा, झालं. रात्रभर ठेवा, तेही झालं, फ्रिजमधलं दूध नासलं. तिसऱ्या खेपेला मेकॅनिकने कागदावर लिहून दिलं: यंत्रात दोष आढळला नाही. खाली सही, शिक्का.

त्या कागदाने घात केला. यंत्रात दोष नाही, मग दोष कुणात? भाचीला मी वाईट म्हणणार नाही. दिवसातून पाच वेळा फोन करायची, "आई, बंद केलंस ना?" मीटिंग सोडून बाहेर येऊन करायची. भीतीने पोरीचं वजन उतरलं होतं. एका संध्याकाळी तिने निकाल सांगितला. येत्या रविवारी दुपारी माणसं येऊन रेंज घेऊन जातील आणि अक्का कायमची लेकीकडे.

"तिथे तुला काही करायला लागणार नाही, आई. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकू. तू बसून सांग, आम्ही करू."

"म्हणजे परत विंगेत," अक्का म्हणाली.

भाचीला वाटलं आई गंमत करते आहे. मला तो स्वर माहीत होता.

त्याहून वाईट गोष्ट मी मागून पाहिली. अक्काने पाव भाजणं सोडून दिलं होतं. घराबाहेर पडताना ती हाताची मागची बाजू ओव्हनच्या काचेला टेकवून बघायची. फाटकापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा टेकवायची. जिने एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या विसरण्यावर पहारा दिला, ती आता स्वतःवर देत होती.

गुरुवारी मी मेकॅनिकच्या खाजगी नंबरवर फोन केला आणि लाज सोडून विनवणी केली. तो वैतागला. "आजोबा, मला दिवसाला अकरा घरं असतात. जेवायच्या सुट्टीत येतो. अर्धा तास. त्यात वाजलं तर वाजलं."

आला. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून डबा उघडला. रेंज गप्प. अक्का बाहेरच्या खोलीत कपडे आवरत होती, न्यायच्या सामानातले.

"नेमकं केव्हा होतं हे?" त्याने घास घेत विचारलं.

"वहीत लिहिलंय," अक्का बाहेरूनच म्हणाली.

वही डब्यांच्या फळीवर होती. आता कबूल करतो, तोवर मी ती उघडलीच नव्हती. मी उभा जन्म अक्काच्या वह्यांवर जगलो, पण वही बघायची मला सवय नाही. वाचायचं तिने, बोलायचं मी. मेकॅनिकचे हात खरकटे होते, म्हणून मी चष्मा चढवला आणि खणखणीत वाचायला लागलो.

"सोमवार. सकाळी नऊ चाळीस. पाव काढला. ओव्हन बंद केला. शेगडी, पॅनल पुसलं. नऊ बावन्नला आवाज. एफ एक. बुधवार. सकाळी अकरा दहा. बटाटे भाजले. बंद केलं. पुसलं. अकरा पंचवीसला आवाज. एफ एक."

"थांबा," मेकॅनिक म्हणाला. "एफ किती?"

"एक."

"नऊ."

"एक."

"आजोबा, माझ्याकडे नऊ आहे." त्याने डाव्या हाताने मोबाइल माझ्यापुढे धरला. कामाच्या नोंदीत F9, आणि खाली भाचीने पाठवलेला पानाचा फोटो. "हे काय? हा नऊ आहे."

मी फोटो पाहिला, वही पाहिली. इंग्रजी एफ, आणि त्याच्या पुढे अक्काचा तो गोल डोक्याचा, लांब शेपटीचा मराठी एक. इंग्रजी अक्षराच्या मागोमाग वाचणाऱ्याला इंग्रजी नऊच वाटणार. भाचीची शाळा इंग्रजी, तिने नऊ वाचला. नऊ टाइप केला. मी नऊ म्हणून गर्जना केली. कंपनीने नऊ नोंदवला. आणि अक्कासमोर सगळे "तो कोड", "तो दाराचा दोष" म्हणत राहिलो. आकडा तिच्यापुढे एकदाही कुणी उच्चारला नाही.

"अहो, हा एक आहे!" मी म्हणालो. "माझ्या प्रत्येक नाटकाच्या वहीवर हा एक आहे. अंक एक, प्रवेश एक. हा अंक ओळखण्यात माझी चूक व्हायची नाही!"

"मग इतके दिवस काय करत होतात?" मेकॅनिकने विचारलं.

अक्का दारात येऊन उभी राहिली होती. तो तिच्याकडे वळला. "आजी, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, असं कोण लिहितं?"

"काचेवर जे अक्षर होतं ते जसंच्या तसं काढलं. आकडा माझ्या हाताने आला. आणि नऊ काय, शेजारीच आहे की. नऊ चाळीस. दोन्ही सारखे दिसतायत का?"

दिसत नव्हते. अजिबात दिसत नव्हते. मेकॅनिकने डबा झाकला, हात धुतले. "एफ एक म्हणजे दाराचा काही संबंधच नाही. एफ एक म्हणजे पॅनल. एखादं बटण दाबलेलं राहिलंय असं त्याला वाटतं. परत वाचा."

मी परत वाचलं. चौथ्या नोंदीला त्याने मला हाताने थांबवलं. "प्रत्येक वेळी 'पुसलं' आहे."

"पुसायला नको?" अक्का म्हणाली.

"कसं पुसता? रोज करता तसं करून दाखवा."

तालीम म्हटल्यावर अक्काचा चेहराच बदलला. तिने फडकं नळाखाली धरलं, अर्धवट पिळलं आणि पॅनलवर डावीकडून उजवीकडे फिरवलं. मग पुन्हा भिजवलं. तीन वेळा. शेवटी फडक्याचं टोक नखावर घेऊन काचेच्या खालच्या फटीतून फिरवलं. पाण्याचा एक ओघळ त्या फटीत सरळ आत गेला. मेकॅनिकने दात दुखल्यासारखं तोंड केलं.

"रोज असं?"

"आवाज यायला लागल्यापासून दोनदा. म्हटलं, कचरा अडकला असेल."

मग आम्ही तिघं थांबलो. पाच मिनिटं. दहा. मेकॅनिक घड्याळ बघायला लागला. बाराव्या मिनिटाला: टीं, टीं, टीं.

लाल एफ. लाल एक. इंग्रजी एक, एक उभी रेघ. कुणीही रद्दचं चित्र दाबलं नाही. आम्ही तिघं त्या किंचाळण्यासमोर नुसते उभे राहिलो. मी तर टाळ्याच वाजवल्या.

मेकॅनिकने वीज बंद करून पॅनल उघडलं. आतल्या चपट्या वायरीवर थेंब, आणि तिच्या टोकांना हिरवट बुरशीसारखं काहीतरी. त्याने समजावून सांगितलं: पाणी आत मुरतं, बटणांच्या मागे पोचतं आणि पॅनलला वाटतं कुणी बोट ठेवलंय. कधी ते कोड दाखवून ओरडतं. कधी ते बोट खरं मानतं आणि ओव्हन लावून मोकळं होतं. पाणी सुकलं, की काही झालंच नव्हतं अशा थाटात उभं. "मी येईपर्यंत सुकलेलं असायचं," तो म्हणाला.

मला ते नीट कळलं. कुणी न दिलेला शब्द ऐकून बोलत सुटणारा नट मी पाहिला आहे.

"म्हणजे माझ्यामुळेच झालं," अक्का म्हणाली.

"तुम्ही पुसलंत, आजी. विसरला नाहीत."

ती खुर्चीवर बसली. फडकं हातातच होतं, त्याचं पाणी साडीवर गळत होतं, तिचं लक्ष नव्हतं.

नवं पॅनल मागवावं लागेल, वीसेक दिवस लागतील, तोवर रेंजची वीज बंद ठेवा, आणि यापुढे फक्त कोरडं फडकं, असं सांगून मेकॅनिक निघाला. दारात थांबून त्याने मोबाइलवरची नोंद खोडली आणि नवी लिहिली. या वेळी "एक" असं अक्षरात.

तो गेल्यावर अक्का म्हणाली, "तिसऱ्या नोंदीनंतरची एक ओळ गाळलीस."

"दिसली नाही."

"दिसली होती. थबकलास तू तिथे."

माझा नाइलाज झाला. आयुष्यात मी शेकडो वाक्यं चुकून गाळली, ही एक जाणूनबुजून गाळली होती. त्या ओळीत असं होतं: "सोमवार. ओव्हन गरम लागला. मी लावला होता का?"

रविवारी भाची आली ती रिकाम्या पिशव्या घेऊनच. फोनवर मी तिला सगळं सांगितलं होतं, पण तिने ऐकून घेतलं होतं, एवढंच. "मामा, पॅनलचं कळलं. पण आईचं वय तर खरंय ना? उद्या दुसरं काही झालं तर?" पिशव्यांच्या घड्या उलगडत ती बोलत होती. माणसं यायला तासभर होता.

अक्काने तिच्यापुढे वही ठेवली. "वाच. मोठ्याने." आणि स्वतः पाठ फिरवून भांडी घासायला लागली.

भाचीने अडखळत सुरुवात केली. मराठी आकडे तिला जुळवून वाचावे लागतात. "सोमवार. सकाळी... नऊ चाळीस. पाव काढला. पुसलं. आवाज. एफ न..."

"एक," मोरीकडून आवाज आला. हलका, नेमका, फक्त तिच्यापुरता.

"एफ एक." भाची पुढे गेली. बुधवार, शुक्रवार. मग ती त्या ओळीवर आली. "सोमवार. ओव्हन गरम लागला. मी..." आणि मग पूर्ण वाक्य, अगदी बारीक आवाजात.

भाची थांबली.

मी अक्काकडे पाहिलं. तिच्या ओठांवर पुढचा शब्द तयार होता, मला दिसत होता. हातातली थाळी तशीच धरलेली, पाठ ताठ. नळाचं पाणी वाहत होतं. तिने शब्द दिला नाही.

भाचीने वहीत बोट ठेवून दुसऱ्या हाताने फोन लावला. "हो, मीच बोलतेय. आज येऊ नका. नाही, पुढच्या रविवारीही नको." मग तिने फोन पालथा ठेवला, नाक ओढलं आणि वहीत बघत राहिली. बोट होतं तिथेच, पण ओळ सापडत नव्हती.

"मंगळवार," अक्का म्हणाली.